मार्थाची मनगटं

वहिनी गेल्याची बातमी मला हिंगणघाटच्या दवाखान्यात ड्यूटीवर असताना कळली. अल्लीपूरहून कापसाची गाडी घेऊन आलेल्या माणसाने दारातूनच सांगितलं, "सिस्टर, रूथबाई गेल्या." मी हातातली पट्टी पूर्ण बांधली आणि मग रजा मागायला गेले.

रूथवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. खेडोपाडी पायी जाऊन ख्रिस्ती मंडळीतल्या बायांना पवित्र शास्त्र शिकवायची. बायांना वाचता येत नसे, म्हणून ती सगळं कपड्यादागिन्यांतून सांगे. आदामाने पानं गुंडाळली तेव्हा देवाने स्वतः चामड्याचे कपडे करून त्याला घातले. रिबकेला मागणी घालायला गेलेल्या चाकराने तिला आधी नथ आणि बांगड्या दिल्या. उधळ्या पोरगा घरी परतला तेव्हा बापाने जाब विचारला नाही, अंगावर झगा आणि बोटात अंगठी घातली. "देव कोनाले उघडं ठेवत नाई बायांनो," ती म्हणे, "तो नेसवते." एकदा पाद्रीसाहेबांनी टोकलं, सोन्यामोत्यांनी नटू नका असं प्रेषिताने बजावलं आहे. वहिनी म्हणाली, "सोनं हाय कोनापाशी, साहेब? काचेचं काई म्हनते का तो?" साहेबही हसले.

तिच्यासाठी मात्र हे नुसतं शिकवणं नव्हतं. भाऊ वारला तेव्हा मंडळीतल्याच, बाप्तिस्मा घेतलेल्या बायांनी जुन्या रीतीने तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, आणि तिने मुकाट हात पुढे केले होते. पुढे तिने शास्त्र पालथं घातलं. त्यात तसं कुठेच सापडलं नाही...

गेल्या वर्षी तिचा एकुलता एक मुलगा डॅनियल तापाने गेला. मी पोचले तेव्हा वहिनी पोराजवळ नव्हती. ती तरण्या सुनेसमोर, मार्थासमोर बसली होती, तिची दोन्ही मनगटं घट्ट धरून. भोवती बांगड्या फोडायला जमलेल्या बाया.

"काऊन करून राह्यल्या हे? कोन्या पानावर लिवलं हाय, दाखवा!"

"पानं तू वाच," म्हातारी सारूबाई म्हणाली. "आमाले गावात राहाचं हाय."

वहिनी हलली नाही. पोराला मातीला नेलं तरी तिने ती मनगटं सोडली नाहीत. शेवटी बाया उठून गेल्या.

मला वाटलं, जिंकली. पण मार्था विहिरीवर गेली की बाया बादल्या बाजूला ओढत. "सरका वं, नवरी आली!" एका रविवारी मार्थाने विहिरीच्या दगडावर स्वतःच हात आपटले. काचा मीच काढल्या. त्या दिवसापासून ती पांढरं नेसू लागली. वहिनी नव्या बांगड्या घेऊन आली तर सासूला आत्या म्हणणारी मार्था म्हणाली, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी राहू द्या आत्या. मले पानी भराचं हाय."

त्यानंतर वहिनी कुठल्याच गावाला शिकवायला गेली नाही. जेवण सुटलं. दवाखान्यात चल म्हटलं, आली नाही. शेवटच्या भेटीत एवढंच म्हणाली, "बाई, मार्थाले पांढऱ्यातून काढजो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वहिनीला पांढऱ्यात पुरलं. तारण झालेल्यांना शुभ्र वस्त्र मिळतं, असं पाद्रीसाहेब म्हणाले. मिळत असेल. मी मार्थासाठी हिरवं लुगडं नेलं. तिने घडी न मोडता पेटीत ठेवलं.

गेल्या रविवारी मी तिथे असताना वहिनीच्या ओसरीवर कासार आला. वहिनी आळीतल्या पोरींना बोलावून त्याच्याकडून बांगड्या भरवायची. ती गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. टोपली उतरवून बसला आणि पूर्वीच्याच सवयीने मार्थाचा हात धरून माप पाहायला दाबू लागला. मार्थाने हात काढला नाही. मी आतून बघत होते... त्याने दोन बांगड्या निवडल्या. तेवढ्यात रस्त्याने घागरी घेतलेल्या बाया आल्या. एक जण थांबली, इतकंच.

मार्थाने हात पदराखाली घेतला.

"आत्या नाई राह्यल्या, दादा," ती म्हणाली. "आता ह्या दारी थांबत नका जाऊ."