फ्रिजचे मिस्त्री आणि वैनींची गाडी

मिस्त्री कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावत. पोराला ताप आलाय का हे बघताना आई कपाळाला लावते, तसा. डोळे मिटून जरा थांबत आणि मग म्हणत, "गारवा आणता येत नाय रं. गरमी काढून घ्यायची, येवढंच आपलं काम."

कर्जतच्या बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि दारं निखळलेले चार-दोन फ्रिज. मी शेजारच्या भातगिरणीच्या शेटची गाडी चालवायचो, त्यामुळे फावल्या वेळात माझा मुक्काम त्याच बाकड्यावर असे. मिस्त्री म्हणजे अगदी काडीपैलवान, आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर! कुणी नवख्यानं त्याबद्दल विचारलं की म्हणत, "लोकांची गरमी काढता काढता माजी बी निघून गेली." त्यांच्या स्वतःच्या घरी फ्रिज नव्हता. पाणी माठातलं प्यायचे आणि वर "फ्रिजच्या पाण्यानं घसा धरतो" असं गिऱ्हाइकालाच ऐकवायचे. आता याला धंदा म्हणायचं की काय, तुम्हीच सांगा.

माथेरानच्या हॉटेलांतूनही त्यांना बोलावणं येई. एकदा मीही सोबत गेलो होतो. तिथल्या आचाऱ्यानं चुलीवरून उतरवलेलं वरणाचं पातेलं तसंच्या तसं फ्रिजमध्ये कोंबलं होतं. मिस्त्रींनी ते पातेलं बाहेर काढलं, दार लावलं आणि चहा मागवला. "दुरुस्ती कधी करणार?" आचाऱ्यानं विचारलं. "झाली की. तू पातेल्याला आत जाऊ देऊ नको, म्हंजी झालं." येताना सगळी उतरण ते हसत होते.

ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट. शेटनी मुंबईच्या एका पार्टीकडून एसीची गाडी घेतली. मिरवायला घेतली असं गाव म्हणालं, पण ते खरं नव्हतं. वैनींना, म्हणजे शेटच्या बायकोला, दमा होता. धूळ नाकात गेली की जीव घाबरा व्हायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रवास करायचा तर काचा बंद ठेवूनच.

आणि वैनींना प्रवास करायचाच होता. त्यांचा भाऊ, आबा, खालापूरच्या पलीकडच्या एका गावात अंथरुणाला खिळलेला होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. वैनींना पाठचं-पुढचं दुसरं भावंड नाही. भाऊबीजेला जाऊन त्याला ओवाळायचं, एवढंच वैनींनी धरून ठेवलं होतं. पण भाऊबीज म्हणजे मळणीचे दिवस, रस्त्यानं जिकडेतिकडे भाताची धूळ. एसीशिवाय काचा लावून बसलं तर गाडीची भट्टी व्हायची आणि काचा उघडल्या तर वैनींचं काही खरं नव्हतं.

नेमका तेव्हाच एसी रुसला. सुरू केला की जरा वेळ गार वारा यायचा, मग कोमट, मग नुसती वाफ. मी गाडी मुंबईला दोनदा नेऊन आणली. दोन्ही वेळा तिथल्या गॅरेजवाल्यांनी गॅस भरला, तिथं गारेगार झाली आणि कर्जतला आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊबीज दोन दिवसांवर आली तेव्हा शेट मिस्त्रींकडे आले.

मिस्त्रींनी हात जोडले. "शेट, मी फ्रिजवाला. मोटारीत मी कदी हात घातला नाय."

"तुमच्या वैनींसाठी घाला," शेट म्हणाले. शेटना कुणापुढे असा आवाज काढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग उलटा हात सुरू झाला. एक नळी कढत, एक गार, म्हणजे गॅस फिरतोय. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. पट्टा घट्ट केला, पंखा पुसला. दुकानासमोर गाडी उभी करून एसी लावला तर झकास गारवा. मिस्त्री खूश, मी खूश. चौकापर्यंत चक्कर मारायला निघालो आणि वाटेतच वाफ! मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. "फ्रिज जागचा हालत नाय रं. हिला पाय हायत," एवढंच बोलले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेटच्या बंगल्यावर आले तेव्हा वैनी गाडीपुढे उभ्या होत्या. हातात नव्याची जुडी. आमच्याकडे दसऱ्याला भाताच्या कोवळ्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू एकत्र बांधून दाराला, नांगराला, गाडीला लावतात, तेच नवं. सगळे वर्षातून एकदाच बांधतात. पण शेतात पाऊल टाकायची बंदी झालेल्या वैनी गड्याकडून लोंब्या आणवून दर चार दिवसांनी नवी जुडी गाडीच्या तोंडावर बांधायच्या. चांगली उशीएवढी! गाडीनं माहेरी न्यावं म्हणून. देवाचं म्हणून आम्ही कुणी ते काढून टाकत नव्हतो. मुंबईचे गॅरेजवाले ते काढून ठेवून काम करायचे आणि घरी आलो की वैनी पुन्हा बांधायच्या. मिस्त्रींनीही काल ते अदबीनं सोडून बाजूला ठेवलं होतं आणि चक्कर मारायला निघताना मीच परत बांधलं होतं.

मिस्त्री खाली बसले, जुडीमागे बोटं घातली. पुढच्या जाळीची अर्धी बाजू नव्यानं झाकलेली आणि उरलेली लोंब्यांच्या कुसळांनी, गिरणीच्या तुसानं बुजलेली. आतली गरमी बाहेर पडायला वाटच नव्हती. मला वाटलं, आता म्हणतील, वैनी, हे तुमच्यामुळे झालं. पण ते उठले आणि म्हणाले, "वैनी, नवं पुडं का ठेवता उन्हात? उद्या माहेरी चाललंय ना? आत बसू द्या त्याला, तुमच्या संगं."

वैनी काय ते समजल्या. त्यांनी जुडी सोडली आणि छातीशी धरली.

दिवसभर मिस्त्री जुन्या ब्रशानं जाळीतलं एकेक तूस काढत बसले. भाऊबीजेला पुढच्या सीटवर तेही आले, बोलावलं नसताना. स्वेटर घालून, उलटा हात सगळी वाट गार वाऱ्यासमोर धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळण्या चालल्या होत्या, काचेवर धुळीचा थर चढत होता. मागं वैनी एकदाही खोकल्या नाहीत. मला तर देवाचे आभार मानावेत की मिस्त्रींचे, हे कळेना.

वैनी आबांना ओवाळत होत्या तेव्हा मी दारात होतो. त्यांना बोलता येत नव्हतं. चांगल्या हातानं त्यांनी बहिणीच्या ओंजळीत नव्या तांदळाची मूठ सोडली आणि दोघंही रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात. मिस्त्री तेवढे अंगणात गाडीपाशी थांबले. परतीला गाडी तापलेली नको म्हणून सुपानं सावली धरत होते.

आबा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. त्यानंतरच्या भाऊबीजेला वैनींनी मला दुकानात पाठवलं. "मिस्त्रींना म्हनावं, पाट मांडलाय." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. मग ते दर वर्षी येत राहिले, पाटावर संकोचून बसत आणि वैनींचा मान म्हणून करंजीतलं सारणसुद्धा सांडू देत नसत.

एका पौषात मिस्त्री न्यूमोनियानं गेले. शटरला कुलूप लागलं, बाकडं कुणीतरी नेलं.

त्यानंतर आलेल्या भाऊबीजेला संध्याकाळी मी गाडीची किल्ली द्यायला बंगल्यावर गेलो. वैनी अंगणात ताम्हण घेऊन उभ्या होत्या. माथेरानच्या डोंगरावर बारीक चंद्रकोर टेकली होती. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला माहीत आहेच. वाऱ्यानं ज्योत हलत होती म्हणून मी हाताचा आडोसा केला. वैनींनी आबांचं नाव घेऊन चंद्राला ओवाळलं, अक्षता टाकल्या. मी हात काढणार तोच म्हणाल्या, "थांब रं, हात काडू नको." आणि कोर डोंगराआड जायच्या आत त्यांनी पुन्हा एकदा, पहिल्यापासून ओवाळलं.