अन्नपूर्णाबाईंचा आराम

सिंदी मेघेतल्या निम्म्या तरुण पिढीची डोकी अन्नपूर्णाबाईंनी गोल केली आहेत. हे त्या स्वतःच सांगतात आणि कुणी शंका घेतली तर जवळच्या एखाद्या तरुणाला बोलावून, त्याच्या टाळूवरून हात फिरवून सिद्धही करतात. बँकेतला कॅशियर, दातांची डॉक्टरीण, मोबाईलच्या दुकानातले दोघं भाऊ, सगळे सव्वा महिन्याचे होईपर्यंत रोज सकाळी त्यांच्या लांब केलेल्या पायांवर उताणे-पालथे झालेले. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं हा त्यांचा पस्तीस वर्षांचा उद्योग. रस्त्यात माणूस भेटलं की त्या आधी डोकं बघतात, मग नाक, आणि ‘हे माह्या हातचं’ किंवा ‘हे माह्या हातचं नाई’ असा निकाल देऊन मगच ख्यालीखुशाली विचारतात. एका लग्नात नवरदेव ऐन बुद्धवंदनेला उभा असताना, “नाक पाह्य कसं सरळ आलं! जन्मला तवा भजं होतं भजं,” असं त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या, की नवरीकडची मंडळी पुढचा अर्धा तास नवरदेवाच्या नाकाकडेच बघत होती.

अशा बाईंची सून नंदिनी गरोदर राहिली. पेशानं नर्स, बोलायला मोजकी. सहावा महिना लागला आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, “आई, बाळाच्या मालिशसाठी मी एक बाई बघून ठेवली. ट्रेनिंग घेतलेली आहे.”

अन्नपूर्णाबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे माणसांशी बोलल्या नाहीत. भांड्यांशी बोलत होत्या, आणि ते शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जात होतं.

एवढं लागायला कारण होतं. रत्नदीप, त्यांचा एकुलता एक, जन्मला तेव्हा घरची ओढाताण होती. तेराव्या दिवशीच त्या कमरेला पदर खोचून लोकांची बाळं न्हाऊ घालायला निघाल्या, आणि घरचं बाळ सासूच्या ताब्यात गेलं. सासूला दिसायचं कमी, घाई जास्त. रत्नदीपचं डोकं डावीकडून चपटं राहिलं ते राहिलंच. आज तो पस्तिशीचा आहे, नोकरी चांगली आहे, आईला जीव लावतो. पण तो जेवायला बसला की अन्नपूर्णाबाईंची नजर वाढता वाढता डाव्या कानाच्या वर जाते. गावभरची डोकी गोल केली आणि घरचं एक तसंच सुटलं. नातवाचं तरी आपल्या पायावर गोल होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. आता तेही ट्रेनिंगवाल्या बाईकडे!

दुसरीही एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. केस त्या डाव्या हातानं बांधायच्या. वरच्या फळीवरचा डबा नवऱ्याला, रामाजींना काढायला लावायच्या आणि वर “तुमाले तरी घरात दुसरं काय काम हाय?” असं ऐकवायच्या. रामाजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आयुष्यभर मागून येणारे आवाज त्यांनी मनावर घेतले नव्हते, हेही घेतले नाहीत.

घरातली ही धुसफूस बघून रत्नदीपनं त्याच्या मते जालीम उपाय काढला. बोर धरणाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एक नवं रिसॉर्ट झालं होतं. दोन दिवस, चौघं, सफारी, आणि आईसाठी खास मसाज आणि सॉना.

“पस्तीस वर्षं मी लोकायले रगडून राह्यली,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “आता मलेच रगडाले नेता का?”

“आराम कर गं जरा, आई.”

“घरी नाई होत आराम? त्यासाठी वाघाच्या दारात जाऊन झोपा लागते?”

पण नंदिनी म्हणाली, “चला ना, आई,” आणि पोटुशी सुनेला नाही म्हणायचं नसतं, म्हणून त्या गाडीत बसल्या.

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस. खोलीत मात्र एसीनं असा गारठा केलेला, की अन्नपूर्णाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. “आधी थंडीनं काकडवाचं, मंग डब्यात घालून भाजाचं,” त्या म्हणाल्या. “वर्ध्यात हेच काम सूर्य फुकट करून राह्यला.” रामाजी तोवर नाश्त्याच्या टेबलाकडे निघून गेले होते. तिथे पोहे हवे तितके मिळतात असं त्यांना कळलं होतं.

मसाजच्या खोलीत सपना नावाची मुलगी होती. पांढरा कोट, केसांचा अंबाडा, तोंडावर नागपूरला तीन महिन्यांत शिकून आलेलं हसू. तिनं एक कार्ड पुढे केलं.

“मॅम, कुठे पेन आहे का? दुखतं वगैरे?”

“कुठीच नाई.”

“प्रेशर सॉफ्ट हवं, मीडियम की हार्ड?”

“तू कर. मंग सांगतो.”

मग सपनानं एक झगा दिला आणि घडी घातलेलं काहीतरी दिलं. अन्नपूर्णाबाईंनी घडी उलगडली. कागदाची चड्डी होती.

“हे काय वं माय? पोह्याच्या प्लेटीखालचा कागद दिला का मले?”

“घालायची असते, मॅम. डिस्पोजेबल आहे.”

“तूच घाल.”

शेवटी झग्यावर तडजोड झाली. कमरेची चंची मात्र त्यांनी लॉकरमध्ये ठेवू दिली नाही. पस्तीस वर्षं कमरेला असलेली ती कापडी पिशवी; तिच्यात ओवा, शेपा, वाळलेली लसणाची सालं, सगळं बाळंतिणीच्या कामाचं. झग्याच्या खिशात गेली. टेबलावर तोंड खुपसायला एक भोक होतं. त्या पालथ्या झाल्या, तोंड भोकात घातलं, आणि त्यांना सपनाचे दोन पाय तेवढे दिसायला लागले. कुठूनतरी पाणी झुळझुळत होतं.

“नळ चालू राह्यला पाह्य,” भोकातून आवाज आला.

“म्युझिक आहे, मॅम. रिलॅक्स व्हायला.”

“उन्हाळ्यात पाण्याचा आवाज आला की मी उठून बंद कराले जातो. त्यानं आराम कसा होईन?”

सपनानं म्युझिक बंद केलं. तेलाचा हात पाठीवर ठेवला आणि अन्नपूर्णाबाई मासोळीसारख्या उडाल्या.

“थंडं! थंडं तेल लावते का कोणी माणसाले? कशाचं हाय?”

“लॅव्हेंडरचं.”

“खाले चालते?”

“नाही, मॅम.”

“जे पोटाले चालत नाई ते अंगाले काऊन लावून राह्यली? जा, तिळाचं आण. कोमट करून आण. आन् मले मॅम नोको म्हणू. कुठची तू?”

“हिंगणीची,” सपना म्हणाली, आणि नागपूरचं हसू गळून घरचं हसू आलं. “आणतो, मावशी.”

स्वयंपाकघरातून वाटीत तिळाचं तेल गरम होऊन आलं. सपना रगडायला लागली आणि भोकातून शिकवणी सुरू झाली. अंगठ्याचं टोक रुतवू नको, बुंधा लाव. बुंधा! कण्यावरून सरळ उतर, रस्ता ओलांडल्यासारखी इकडून तिकडे जाऊ नको. नखं कोणासाठी वाढवली? मध्येच मान वर काढून त्यांनी सपनाच्या डोक्यामागे हात घातला. “मागून चपटं हाय तुह्यं. कोणं केलं हे काम?”

“आजीनं.”

“घाई असन तिले,” अन्नपूर्णाबाई एकदम हळू बोलल्या आणि पुन्हा भोकात गेल्या.

मग सपनाचा हात उजव्या खांद्यावर आला. अन्नपूर्णाबाईंनी ओठ आवळून धरले होते. पण बुंधा लावायला त्यांनीच शिकवलं होतं आणि पोरगी हुशार निघाली. असा लावला, की त्यांच्या तोंडून “अवं माय!” निघालंच.

“मावशी, हा खांदा तर गच्च झाला. हात वर होते का?”

“होते.”

“करून दाखवा.”

त्या उठून बसल्या, पण हात कानापाशीच अडकला. सपना कार्ड घ्यायला वळली तसा त्यांनी तिचा कोट धरला. “लिहिजो नोको. माही सून नर्स हाय. तिनं पाह्यलं त नातू हातात येत नाई माह्या.” आणि जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांनी या चपट्या डोक्याच्या पोरीला सांगून टाकलं, रत्नदीपच्या डोक्यासकट.

सपना कार्ड कोटाच्या खिशात घालून म्हणाली, “वीस मिनिटं सॉनात बसा. शेक लागला की मोकळं वाटेल. मंग परत रगडून देतो.”

सॉना म्हणजे लाकडी खोली. लाकडी फळ्या, कोपऱ्यात विजेची शेगडी, शेगडीवर दगड. दार लागलं. अन्नपूर्णाबाईंनी फळीवर बसून चौफेर पाहिलं आणि त्यांना हसू आलं. ही तर बाज! खाली शेगडी, वर बाळंतीण. एवढ्यासाठी इंग्रजी नाव दिलं होय? फक्त अर्धवट काम होतं. शेक होता, धुरी नव्हती. आणि अर्धवट काम डोळ्यांनी बघणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही. त्यांनी खिशातून चंची काढली, ओवा आणि शेपा मूठभर घेतला, लसणाची सालं चुरली, आणि दगडांवर टाकली.

सुरुवातीला फार छान झालं. ओळखीचा वास आला, अंग सैलावलं. हात थोडा वर गेला. आणखी थोडा. त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

मग छताला लावलेलं एक यंत्र किंचाळायला लागलं.

पुढची पाच मिनिटं रिसॉर्टात जो गोंधळ झाला तो सांगता सोय नाही. एक माणूस लाल सिलिंडर घेऊन धावला आणि त्यानं आधी आपल्याच बुटांवर फवारा मारला. मॅनेजर “आग कुठाय, आग कुठाय” करत दार उघडतो तो आतून पांढरा धूर आणि धुरात मांडी घालून बसलेल्या अन्नपूर्णाबाई.

“आग कोठची? धुरी हाय. दार लावा, शेक जाऊन राह्यला.”

धूर पोर्चमधून जेवणाच्या हॉलपर्यंत गेला. तिथे गावाकडच्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी खाता खाता नाकं वर केली. पोह्यांची तिसरी प्लेट घेऊन रामाजी बाहेर आले आणि हवेचा वास घेत म्हणाले, “कोणाची डिलेव्हरी झाली वं इथं?”

अन्नपूर्णाबाईंना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. रत्नदीप मॅनेजरची माफी मागत होता. नंदिनी समोर येऊन बसली. अन्नपूर्णाबाईंनी चोरून सपनाकडे पाहिलं. सपनानं मान हलवली, की कार्ड कोरंच आहे.

“आई,” नंदिनी म्हणाली, “उजवा हात वर करा.”

“कशाले?”

“करा ना.”

हात कानापर्यंत आला आणि थांबला.

“दिवाळीपासून ना?”

“सपनानं सांगतलं?”

“तुम्ही डाव्या हातानं केस बांधता, डाव्या हातानं बादली उचलता. मी नर्स आहे, आई.”

“कसला हात? कोणाचा हात?” रत्नदीपनं वळून विचारलं. त्याच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही.

“मंग इतके दिवस बोलली काऊन नाई?” अन्नपूर्णाबाई तडकल्या.

“तुम्ही बोललात? मी दोनदा विचारलं. दोनदा तुम्ही कढई आपटली.” नंदिनीचा आवाज खाली आला. “बाळ तेलकट असतं, आई. हातातून निसटलं तर? म्हणून बाई बघितली. आणि हा मसाजही मीच सुचवला, खांद्यासाठी.”

नंदिनीच्या बोलण्यात तथ्य होतं आणि त्याचाच अन्नपूर्णाबाईंना सगळ्यात जास्त राग आला. मॅनेजरसमोर उभ्या असलेल्या लेकाकडे त्यांनी पाहिलं. डावीकडून चपटं.

मग एकदम उठल्या, व्हरांड्याच्या फरशीवर बसल्या आणि दोन्ही पाय समोर लांब केले.

“नंदिनी, बाळ हातात घेऊन न्हाऊ घालतेत का पायावर?”

“पायावर.”

“पायाले काई झालं का माह्या?” त्यांनी टाचा आपटून दाखवल्या. “डोकं पायाच्या या दोन नळ्यांयच्या मधात गोल होते. धरून ठेवणं, वळवणं माह्यं काम. तेल लावाले, पाणी टाकाले दुसऱ्याचा हात चालते. टॉवेल आण वं, सपना. आन् तू इकडे ये रे, रत्नदीप.”

“मी?”

“बाप कोण हाय? बस.”

टॉवेलची गुंडाळी नळ्यांवर निजली. रत्नदीप समोर उकिडवा बसला आणि वाटीतलं उरलेलं तिळाचं तेल त्यानं टॉवेलच्या छातीवर चोळायला घेतलं.

“अरे, पोट्टं हाय ते, गाडीचं बोनेट नाई! हळू. मान धर. मान कुठी हाय? ते पाय हायेत बावा! आता पालथं कर.”

टॉवेल पालथा होता होता सुटला आणि थेट फरशीवर गेला.

“पाडलं!” अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. उजवा हात, तिथवर तो सहज गेला.

नंदिनीनं टॉवेल उचलून पुन्हा त्यांच्या पायांवर ठेवला. “त्या बाईंना मी आज काही कळवत नाही,” ती म्हणाली. “आधी हा टॉवेल जगू दे. आणि सोमवारी खांदा दाखवायला जायचं. धुरी बंद. नाकात-कानात तेल नाही.”

“खांदा दाखवतो,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पण धुरी नाई, कानात तेल नाई, मंग न्हाऊ काय घालाचं? कार धुवाची का?”

“आई.”

“बरं बाई, बरं.”

साडेचारला सफारीची जीप दाराशी येऊन हॉर्न वाजवत राहिली. शेवटी रामाजी एकटेच गेले. अंधार पडता पडता परतले तेव्हा व्हरांड्यात टॉवेलची चौथी आंघोळ चालू होती. आता पाणी घालायला सपना होती, आणि रत्नदीपला मान सापडली होती.

“वाघ दिसला?” नंदिनीनं विचारलं.

“नाई. एक नीलगाय दिसली,” रामाजी म्हणाले. “काय वं, झाला का आराम?”

“कशाचा आराम!” अन्नपूर्णाबाई डोकं न उचलता म्हणाल्या. “हे पाहा, तुमच्या पोरानं पुन्हा डावीकडूनच दाबलं.”