आंब्याचा वास

माझ्या माहेरी, निपाणीत, बाहेरून आलेल्या प्रत्येक पोराचं तोंड हुंगायची रीत होती. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. दिवसभर त्या भुकटीत बसून आलेली बाई संध्याकाळी माझ्या भावांना दारातच उभं करायची आणि म्हणायची, ‘हा कर.’ तिचं नाक माझ्याकडे आलं. बंगळूरला येऊन वीस वर्षं झाली, तरी लिफ्टमधल्या माणसानं सकाळी विडी ओढली की सिगारेट, ते मी सांगू शकते. या नाकाचा मला फार माज होता.

मुलगी सोळा वर्षांची झाली आणि खोलीचं दार लावून बसायला लागली. जेवण नको, मैत्रिणी नकोत, बोलायला गेलं की डोळ्यांत पाणी. मला चीड यायची. आम्ही काय सोळा वर्षांच्या नव्हतो? अंगाला व्यायाम नाही म्हणून डोकं फिरलंय, असं मी ठरवून टाकलं आणि रोज सकाळी सहाला तिला राजाजीनगरच्या आमच्या पार्कात पळायला धाडायला लागले. आठवडाभर ओढत नेली. मग ती आपण होऊन उठून एकटी जायला लागली, महिन्याभरात तर मी उठायच्या आधी बूट घालून दारात उभी. मी सगळ्या इमारतीला सांगत सुटले, गोळ्याबिळ्या काही लागत नाहीत, पोरांना पळवा.

परत आली की ‘हा कर’ व्हायचंच. भर जानेवारीत तिच्या तोंडाला आंब्याचा वास. तंबाखू नाही ना, मग झालं. च्युइंगम खात असेल, असं माझं मीच ठरवलं.

एका शनिवारी तिची ट्रॅकपँट धुवायला घेतली तर खिशातून पेन ड्राइव्हसारखं काहीतरी निघालं. नवरा कंप्युटरवाला. आमच्या घरात असल्या वस्तू झुरळांसारख्या कुठंही सापडतात. मी ती त्याच्या खणात टाकली. त्यानं ती लॅपटॉपला लावून बघायचा प्रयत्नही केला, बसेना म्हणून पुन्हा खणात. दुपारी मुलीनं सगळं घर उलटंपालटं केलं. ‘माझ्या खिशातलं कुठं ठेवलंस?’ तिचा आवाज ऐकून मी खणाकडे गेले, ती वस्तू काढली आणि पहिल्यांदाच नाकाशी धरली. आंबा.

मी तिला मारलं. आजवर कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशी उचलला. व्हेप म्हणतात याला, बॅटरीवरची सिगारेट, आणि यावर बंदी आहे म्हणे. बंदी असलेली वस्तू माझ्या मुलीला ट्यूशनच्या जिन्यात मिळते. विकणाऱ्याचा तर राग आलाच, पण त्यात आंबा घालायचं ज्याला सुचलं त्याचा जास्त आला. आमच्या वखारीतला तंबाखू निदान तंबाखूसारखा घाण वास मारायचा.

‘पळत होतीस न्हवं तू?’

‘नाही. पार्कातल्या पाण्याच्या टाकीच्या मागं बसत होते. तेवढा एक तास मला कोणी बघत नव्हतं, आई.’ ती रडत नव्हती. ‘ते ओढलं की छातीतली धडधड जरा थांबते. नंतर जास्त होते. बॅड आहे, माहितीये मला.’

‘मग धडधडतंय म्हणून सांगायचं न्हाई व्हय?’

‘सांगितलं होतं. तू म्हणालीस, दोन राउंड जास्त मार.’

म्हणाले होते. याच शब्दांत म्हणाले होते, आणि वर हसलेही होते.

पुढच्या आठवड्यात हेब्बाळला एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी पोलिसात तक्रार द्यायला निघाल्यासारखी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय? मी धडाधड सांगितलं, तीन महिने, जिन्यात कुणी दिलं, कुठं लपवायची, दिवसातून किती वेळा ओढायची. त्यांनी हातानंच मला थांबवलं. त्या वस्तूचं नाही विचारत, म्हणाल्या. हिचं रडणं कधीपासून?

मी मुलीकडे पाहिलं. ती मान वर करून माझ्याकडेच बघत होती, मला उत्तर येतंय का ते. ‘कधीपासनं गं?’ मी तिलाच विचारलं.