पाकीट एकाचं, पत्र दुसऱ्याचं

आवकबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाहेरून आलेला कुठलाही कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय आत जात नसे, म्हणून सगळ्या प्रयोगशाळेत त्या आवकबाई. प्रयोगशाळाही साधीसुधी नव्हती. लोकांचे तराजू, वजनं, तापमापक तपासून 'हे बरोबर' असं प्रमाणपत्र द्यायचं, हा तिचा धंदा. तिथे केसाएवढी चूकही चूकच धरत, आणि आवकबाई त्या घराण्यात शोभतील अशाच होत्या.

त्यांची पद्धत ठरलेली. पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं, मग पाकीट फोडायचं, मग पत्राखालची सही वाचायची. दोन्ही जुळली तर शिक्का. नाही जुळली तर पाकीट आल्या पावली परत, वर लाल शाईत शेरा: 'पाठवणारा नक्की कोण ते कळवावे.' सव्वीस वर्षं हेच. लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याने त्यांना पहिलं पत्र पाठवलं ते थोरल्या भावाच्या दुकानाच्या पाकिटातून. तेही लाल शेरा मारून परत गेलं होतं. "दादा आठवडाभर जेवला नव्हता," असं त्यांची नणंद अजून चारचौघांत सांगते. आवकबाई म्हणतात, "दुसरं पत्र स्वतःच्या पाकिटातून आलं की नाही? मग!"

त्या सोमवारी कोपऱ्यातल्या कपाटात गुरगुरणारा जुना मेल सर्व्हर गुरगुरायचा थांबला. त्याची निगा राखणारा माणूस दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बरा पगार बघून निघून गेला होता. नवीन मशीन आलं, पण ते नुसतंच खोक्यात. साहेबांनी आवकबाईंना बोलावलं.

"बाई, मी एका कंपनीकडून प्रस्ताव मागवलाय. ईमेल यापुढे तेच बघतील. कागदी टपाल आता येतंच किती! तेही त्यांचाच माणूस घेईल."

"आणि मी?"

"तुम्ही खाली तळघरात. नमुन्यांचं कोठार आहे ना, तिथे. शांत असतं हो."

"शांत स्मशानातही असतं, साहेब."

साहेबांनी उगाचच टेबलावरचं पेन सरळ केलं. आवकबाई उभ्याच. "ईमेल म्हणजे टपालच ना? बाहेरून आत येतं ना? मग ते माझं. मशीन मी लावते."

"तुम्ही?"

"मी. आणि माझी नणंद."

साहेबांना हसू आलं, पण आवकबाईंचा चेहरा पाहून ते त्यांनी गिळलं. "शुक्रवार संध्याकाळी पाच. तोवर एक जरी खरं पत्र दाराबाहेर राहिलं, तर कंपनी. कबूल?"

"कबूल," आवकबाई म्हणाल्या, आणि बाहेर येऊन आधी पाणी प्यायल्या.

नणंद तिकीट-आरक्षणाच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची. मंगळवारी अर्धी रजा टाकून ती आली आणि कपाटासमोर मोडक्या स्टुलावर बसली.

"हे बघा वहिनी. हा जो प्रोग्राम आपण बसवतोय ना, तो पडद्यामागे बसून असतो. दिसत नाही, झोपत नाही, सारखा दाराला कान लावून. कोणी टकटक केली की विचारतो, कोण? कोणाकडून? कोणासाठी? याला डेमन म्हणतात."

"खातो काय?"

"वीज."

"मग आमच्या शिपायापेक्षा स्वस्तात पडला."

दाराशी उभा असलेला शिपाई मनाला लावून घेऊन निघून गेला.

त्या डेमनला काय सांगायचं ते सगळं एका फाइलमध्ये लिहायचं होतं, ओळीखाली ओळ. आपल्या दाराचं नाव काय. घरात कोण कोण राहतं. पाकीट जास्तीत जास्त किती जड घ्यायचं. आवकबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "आणि यादीत नसलेल्या माणसाचं पत्र आलं तर?"

"'असा माणूस इथे राहत नाही' म्हणून परत."

"अगंबाई, हा तर शिकलेला आहे!"

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा तो उठेचना. दहा मिनिटं शोधल्यावर सापडलं, आठव्या ओळीत एक कंस बंद करायचा राहिला होता.

"एवढ्यासाठी रुसला?" आवकबाई म्हणाल्या. "वन्सं, हा तुमच्या भावावर गेलाय."

कंस बंद झाला, डेमन उठला. नणंदेने फोनवरून एक ईमेल पाठवली, ती टुणकन आली. आवकबाईंनी घरी फोन करून नवऱ्याला एक पाठवायला लावली, तीही आली. काम इथेच संपायला हवं होतं. पण आवकबाई फाइलकडे बघत राहिल्या, जावयाकडे बघतात तशा.

"वन्सं, हा पाकिटावरचं नाव आणि आतलं नाव जुळवून बघतो का हो?"

"ईमेललाही पाकीट असतं खरं," नणंद म्हणाली. "दारावर एक नाव सांगतात, आत पत्रावर एक असतं. पण तो जुळवत बसत नाही."

"नाही?" आवकबाईंचा आवाज असा, जणू दूधवाला पाणी घालतो हे आत्ताच कळलं. "मग त्याला लिहून सांगा. नाही जुळलं तर परत."

"तसा नियम लिहिता येतो वहिनी, पण कोणी लिहीत नाही."

"का?"

नणंदेने डोकं खाजवलं. "ते मला कुठे माहितीय! माझं काम तिकिटांचं."

"म्हणजे कारण नाही. लिहा."

नणंदेने लिहिलं. मग विचारलं, "परत पाठवताना शेरा काय द्यायचा?" सव्वीस वर्षांचा तो एका ओळीचा लाल शेरा आवकबाईंना आज अपुरा वाटला. शाई फुकट होती. त्यांनी सांगितलं आणि नणंदेने हसत हसत टाइप केलं: 'पाकिटावर एक नाव, आत दुसरं. आधी आपण कोण ते घरी बसून ठरवा, मग या.'

बुधवार, गुरुवार अगदी सुखात गेले. केस वाढवणारं तेल नाही, लॉटरी नाही, परदेशातल्या राजपुत्राची विधवा नाही. साहेब स्वतः टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, इतकी स्वच्छ पेटी मी जन्मात पाहिली नव्हती!" आवकबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला न विचारता दुसऱ्यांदा भाजी वाढली.

शुक्रवारी दहा वाजता साहेबांचा निरोप आला. केबिनमध्ये ते फोन हातात धरून उभे होते.

"बाई, मान्यता मंडळाकडून तपासणीची तारीख यायची होती. आली?"

"नाही, साहेब."

"त्यांनी तीनदा पाठवलीय. आणि तीनदा आपल्याकडून त्यांना काय गेलंय, ते आत्ता सचिवांनी मला वाचून दाखवलं." साहेबांनी कपाळ पुसलं. "'आधी आपण कोण ते घरी बसून ठरवा.' मंडळाला! ज्यांच्या सहीवर आपण जगतो, त्यांना!"

 तळघराचा वास थेट आवकबाईंच्या नाकात आला.

"पाच वाजायला वेळ आहे अजून," एवढंच बोलून त्या निघाल्या.

डेमन एक गोष्ट नेमाने करत होता: कोण आलं, कोणाला घेतलं, कोणाला परत पाठवलं, सगळं वेळेसकट एका लॉगमध्ये लिहून ठेवत होता. नणंदेने ती फाइल दाखवली तेव्हा आवकबाईंनी लक्ष दिलं नव्हतं. आज उघडली तर काय, त्यांचीच आवक नोंदवही! फक्त अक्षर बरं. परत पाठवलेली एकूण त्रेपन्न. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर उतरवायला सुरुवात केली, डावीकडे पाकिटावरचं नाव, उजवीकडे आतलं. उजवीकडे मंडळ, ग्राहक, विद्यापीठ. डावीकडे मात्र पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन अनोळखी कंपन्या. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, या कोण कंपन्या?"

"त्या? त्या लोकांच्या ईमेल पोचवून देतात हो. मोठ्या संस्था स्वतः पाठवत नाहीत, त्यांच्याकडून पाठवतात."

"पोचवून देतात." आवकबाईंची पेन्सिल थांबली. "म्हणजे हमाल!"

"हमाल म्हणा."

"अहो, मी तीन दिवस हमालाकडे पत्राची सही मागतेय!"

सव्वीस वर्षांत कुरिअरवाल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीवर त्याचंच नाव असायचं. त्यावरून त्यांनी एकही पत्र परत केलं नव्हतं. पिशवी फाडून टोपलीत, मग पाकीट हातात. हात आपोआप करायचे, डोक्याला कधी विचारलंच नव्हतं. फाइल लिहिली ती डोक्याने.

फोन खांद्याला धरून, नणंद सांगेल तशी त्यांनी ती ओळ काढली, शेराही काढला आणि डेमनला पुन्हा उठवलं. आता परत गेलेली पत्रं आपणहून येणार नव्हती. त्रेपन्नातून तेलं, लॉटऱ्या आणि राजपुत्राची विधवा वगळली, तेवीस खरी उरली. तेवीस फोन.

पहिला मंडळाला. सचिव चार मिनिटं बोलले. आवकबाई मध्येमध्ये "हो", "बरोबर", "माझीच चूक" म्हणत राहिल्या. ही तीन उत्तरं त्यांच्या तोंडून एका दमात निघालेली ऐकून शिपाई पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला. शेवटी सचिव म्हणाले, "पाठवतो पुन्हा. पण बाई, तो मजकूर लिहिला कोणी?"

"मीच."

"आमच्या इथल्या दोघांना पाठवायचा होता."

एका तराजूवाल्याने उलट त्यांचीच माफी मागितली, त्याला वाटलं तो शेरा खास त्यालाच उद्देशून लिहिलाय. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना तर प्रश्न फारच आवडला होता, 'आपण कोण' यावर ते अकरा मिनिटं बोलले. तीन वाजता बावीस नावांवर काट बसली. बावीसच्या बावीस पत्रं पेटीत आली. उरलं एक.

तेविसाव्या ओळीत उजवीकडचं नाव वाचून आवकबाई मागे टेकल्या. तीच ती कंपनी. ईमेल सांभाळणारी. बुधवारी सकाळी आलेला प्रस्ताव, परत.

"हा राहू द्या की," शिपाई खांद्यावरून बघत कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

खरंच होतं. साहेबांना वाटत होतं कंपनी दिरंगाई करतेय. लॉग आवकबाईंशिवाय कोणी उघडणार नव्हतं. चार वाजले. त्यांनी टेबलावरचे शिक्के एका ओळीत लावले, मग पुन्हा लावले.

"पत्र खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या, जरा चिडूनच, आणि नंबर फिरवला.

तिकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. आवकबाईंनी सगळं सांगितलं.

"परत आली?" मुलगी म्हणाली. "नाही मॅडम, आमच्याकडून गेलीय. इथे 'पाठवली' असंच दिसतंय."

"गेली, आणि आमच्या दारातून परत आली. बुधवारी, नऊ वाजून सोळा मिनिटांनी."

"असेल मॅडम. परत आलेल्या आम्ही कोणी बघत नाही."

"कोणीच नाही?"

"तो डबा वेगळा असतो ना. पुन्हा पाठवू?"

"पाठव बाई. आत्ताच्या आत्ता पाठव."

पाचला दहा कमी असताना आवकबाई केबिनमध्ये गेल्या. तेवीस पत्रांची यादी, लॉगचा कागद आणि वर तो प्रस्ताव, त्यांनीच छापून आणलेला. काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, काही न लपवता. फोनवरची मुलगीही सांगितली.

साहेबांनी प्रस्ताव उघडला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आमची हमी. आपलं एकही पत्र आमच्या नजरेतून सुटणार नाही.'

साहेब ते एकदा मनात वाचून गेले. मग मोठ्याने वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. आवकबाई सरळ उभ्या होत्या. मरणाच्या दारात माणसाने हसावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बुधवारपासून स्वतःचाच प्रस्ताव हरवलाय," साहेब डोळे पुसत म्हणाले, "आणि त्यांना पत्ता नाही! बाई, तुम्ही त्रेपन्न पत्रं हाकलली खरी, पण एकूण एक कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी प्रस्ताव घडी करून बाईंकडे सरकवला. "कोठारात दुसऱ्या कोणाला तरी पाठवू. या लोकांना नकार कळवा. जरा नीट शब्दांत हं."

आवकबाईंनी प्रस्ताव उचलला, कोपऱ्यात 'प्राप्त' असा शिक्का मारला आणि परत साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"उत्तर जावकवाल्यांकडून पाठवा, साहेब. माझ्याकडे फक्त आवक."