खुणेपर्यंतच तेल

दुकानातून ट्रक निघायला लागला की अब्बा तेलाचा डबा घेऊन शेवटचे एकदा इंजिनाशी जायचे. तेल तपासलेलं असायचं, पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरलेलं असायचं, तरी ते वरून थोडं ओतायचेच. याचे पैसे लागत नसत. पांढरकवड्याच्या हायवेवर आमचं गाड्या दुरुस्तीचं दुकान त्या ‘वरच्या’साठीच ओळखलं जायचं. कापसाच्या गाठी लादून हैदराबादकडे निघालेली जुनी इंजिनं चढावर तेल पीत जायची, त्यामुळे अब्बांचं वरचं कधी वाया गेलं नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, चाचाच्या हातचं तेल पडलं की गाडी रस्त्यात दगा देत नाही. हे ऐकून अब्बा फुगायचे आणि दिवसभर कोणावर ओरडायचे नाहीत.

मग कापसाचे वाईट दिवस आले. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यांना कुलपं लागली, गाठी थांबल्या आणि त्यांच्यामागे ट्रकही. अब्बांनी ठरवून टाकलं की उन्हाळा संपला की दुकानाची जागा एका ढाबेवाल्याला भाड्यानं द्यायची. मी तेव्हा यवतमाळला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. दुकान द्यायचं ऐकून माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून मी त्या ऑइलच्या वासात वाढलेली, स्पॅनर पोहोचवत, शिव्या ऐकत. आता तिथे भट्टी आणि तंदूर? मी सांगितलं, दुकान मी चालवीन. ट्रक नाहीत तर नाहीत. फवारणीचे पंप आहेत, मोटरसायकली आहेत, विहिरीवरची पाण्याची इंजिनं आहेत.

घरात आम्ही उर्दू बोलतो, पण दुकानात अब्बांची जीभ आपोआप वऱ्हाडीवर जाते. ते म्हणाले, “तुले नट खोलता येते. इंजिन सांभाळता येते का, हे कोणं पाह्यलं?”

पाहायची वेळ लवकरच आली. कॉलेजच्या मुलांबरोबर मी शर्यतीसाठी कार्ट बनवत होते: चार छोटी चाकं, पाइपांचा सांगाडा, बसणाऱ्याच्या पाठीशी इंजिन. वर्गणीत नवं इंजिन बसेना. आमच्या दुकानात टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरला एक पेट्रोलचं फोर-स्ट्रोक इंजिन जोडलेलं होतं, कारण लाइट दिवसाचा अर्धा वेळ नसायचीच. मी ते मागितलं. ते इंजिन गेलं तर दुकानातली हवा बंद, म्हणजे उरलंसुरलं गिऱ्हाईकही बंद.

“घेऊन जाय,” ते म्हणाले. “जिवंत परत आणलं तं दुकानाचं बोलू. मेलं तं त्या ढाबेवाल्याले हो म्हणतो.”

इतकं साधं होतं ते. मी इंजिन घेऊन गेले.

मुलांनी त्याचा वेग आवरणारा गव्हर्नर काढला, हेड घासून बसकं केलं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घातल्या. इंजिन आता आधीच्या दुप्पट जोरानं किंचाळायला लागलं. कामं वाटताना मला तेल दिलं. पोरीला हलकं काम, असा त्यामागचा हिशोब. मला राग आला, पण मी भांडले नाही. हे इंजिन जगणार की मरणार ते तेलावरच आहे, हे त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगणार नव्हते.

अशा इंजिनात तेल ढकलणारा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला चमच्यासारखी एक जीभ असते. ती खालच्या तेलात बुडते आणि फटकारे मारून सगळीकडे तेल उडवते. तेल जाड असलं तर त्या जिभेमागे चर पडतो आणि तेल परत जागेवर यायच्या आत पुढचा फटका रिकामा जातो. फार पातळ असलं तर उडतं छान, पण तापल्यावर धातूवर टिकत नाही. आणि आमच्याकडचा एप्रिल म्हणजे रिकामी बादलीसुद्धा उन्हात हात लावू देत नाही.

यवतमाळ रोडवरच्या एका बंद जिनिंगचं अंगण आम्हाला मिळालं. एरवी तिथे कापसाचे ढीग लागायचे, माणसाला उभं राहायला जागा नसायची. त्या वर्षी आम्ही दुपारभर कार्ट फिरवली तरी कोणाची अडचण झाली नाही. चौकीदार खाटेवर बसून बघायचा आणि आवाज बदलला की मान वळवायचा.

तेल वाचायची अब्बांची एक रीत होती, ती मी तिथे लावली. सरकी काढलेल्या पांढऱ्या रुईचा पातळ पापुद्रा घ्यायचा, काढलेलं गरम तेल त्यावर सोडायचं आणि उन्हात धरायचं. तेल झिरपून जातं. इंजिन आतून झिजत असेल तर धातूचा चुरा रुईवर चमकतो. जिनिंगच्या कोपऱ्यांत रुई हवी तेवढी पडलेली होती.

आधी ट्रकवालं चाळीस नंबरचं जाड तेल घातलं, अब्बांच्या मतानं. कार्ट सुस्त झाली, इंजिन भलतंच तापलं आणि रुईवर चमक आली. मग मुलांनी कुठून तरी शर्यतीचं पातळ तेल आणलं. कार्ट अशी पळाली की सगळे नाचायला लागले. मी रुई धरली तर आधीपेक्षा जास्त चमक. नाचणं थांबलं. शेवटी नागपूरहून मधल्या जाडीचं सिंथेटिक मागवलं, दर फेरीनंतर बदलायचं ठरवलं, आणि सपाट जमिनीवर गाडी उभी करून बरोबर खुणेपर्यंत भरलं. रुई स्वच्छ निघाली. मी ती चौकीदारालासुद्धा दाखवली.

निघायच्या दिवशी कार्ट टेम्पोत चढवायला दुकानात आणली होती. अब्बांनी विचारलं कोणतं तेल, मी सांगितलं. “पाण्यासारखं हाये,” म्हणाले.

नागपूरजवळच्या मैदानावर सकाळी सरावाच्या पहिल्याच फेरीत इंजिनानं पांढरा धूर ओकला. ताकद गेली, आतला दाब सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून तेल गळायला लागलं. आमच्या टीमचा कप्तान डोक्याला हात लावून बसला. “पिस्टनच्या रिंगा गेल्या. जाड तेल टाकून बघू, नाहीतर नाव मागे घेऊ.”

मी पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेच्या खूप वर होतं, आणि त्याला दुधावर यावा तसा फेस आला होता. मी स्वतः खुणेपर्यंत भरलेलं तेल आपोआप वाढत नाही. टेम्पो निघायच्या आधी अब्बा गाडीशी गेले होते, हे मला तेव्हा आठवलं. वरचं. त्या इंजिनात तेलाची पातळी वाढली की गरगर फिरणारा सगळा क्रँकच तेल घुसळतो आणि फेस करतो. फेस काय कपाळ वाचवणार धातूला.

रुई नव्हती. मी पांढरी ओढणी काढली, त्यावर तेल सोडलं आणि उन्हात धरली. चमक नव्हती. अम्मीनं ईदला घेतलेली ओढणी गेली, पण इंजिन जिवंत होतं.

“ओता सगळं बाहेर,” मी म्हणाले. “हेच तेल परत. खुणेपर्यंत.”

कप्तान म्हणाला, “इंजिन बसलं तर तुझ्यामुळे.” मी म्हणाले, “बसलं तर माझ्याच बापाचं आहे.” आणि कार्टखाली शिरले. तेल निथळेपर्यंत, खोटं कशाला बोलू, भीती वाटली होती. पण दुसरं तेल मी घालू दिलं नसतं.

इंजिन शेवटपर्यंत धावलं. नंबर आला नाही, मधोमध कुठेतरी राहिलो. आमच्याआधी सुरू झालेल्या कितीतरी गाड्या ढकलत बाहेर नेल्या, आमची स्वतःच्या जोरावर आली.

घरी आल्यावर अब्बांनी इंजिन बाकावर घेतलं, हेड उघडलं आणि सिलिंडरच्या आत बोट फिरवलं. ओरखडा लागला नाही. हात पुसत म्हणाले, “मी थोडं वरून टाकलंतं. कामी आलं ना?”

हो म्हणता आलं असतं. दुकानाचं बोलणं व्हायचं होतं, आणि ते खुशीत होते. पण मग दुकान मिळून तरी मी तिथे काय करणार होते?

“नाही अब्बा,” मी म्हणाले. “त्यानं फेस झाला. इंजिन मरत होतं. मी सगळं ओतून टाकलं.”

आयुष्यभर ज्या ओंजळभर तेलानं त्यांनी नाव कमावलं होतं, ते मी ओतून टाकलं होतं.

“मले फोन काहून नाही केला?”

“तुम्ही ओतू दिलं नसतं.”

“नसतंच देलं,” ते म्हणाले. मग त्यांनी चाळीस नंबरचा डबा बाकावरून उचलून खाली ठेवला. “परीक्षा झाली की रोज सकाळी नऊले यायचं. कालेजात जाते तसं साडेदहाले नाही. उशीर झाला तं मी मालक असो का तू, ओरडीन.”