चार विटांचा उंबरा

माझं लग्न ठरलं तेव्हा, मुलगा सरकारी नोकरीत आहे आणि नोकरी फिरतीची आहे, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. फिरती म्हणजे तीन-चार वर्षांनी बदली, नवं गाव, आंब्याच्या सावलीतला बंगला, असं चित्र मी मनाशी रंगवलं. नवरा दर थोड्या दिवसांनी तंबू उपटेल आणि कालव्याच्या कडेकडेनं पुढे सरकेल, हे कुणी बोललं नव्हतं. त्याचं काम कालव्यांच्या मोजणीचं होतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत पाणी कुठं पोचतं, कुठं मुरतं आणि कुठं कुणाच्या उसात शिरतं, हे तो दुर्बिणीतून बघत बसायचा. "दोनच महिन्यांचं काम आहे, चला सगळे. मुलांना मोकळी हवा मिळेल," असं तो म्हणाला आणि मी भुलले. मोकळ्या हवेबद्दल त्यानं खरं सांगितलं होतं. आठव्या महिन्यातही आम्ही तंबूतच होतो.

मुलगी पाच वर्षांची होती, मुलगा दीड. पुण्याच्या नणंदेला आमचा हेवा वाटायचा. "तुमची काय बाई, रोजच सहल!" सहलीला गेलेली बाई संध्याकाळी घरी परत येते, एवढा फरक तिच्या लक्षात येत नसे. वारा सुटला की मी एका हातानं तंबूचा दांडा धरायचे, दुसऱ्या हातानं मुलाला, आणि नवऱ्याला धारेवर. हे घर नाही, हे मी दिवसातून दोनदा तरी त्याला ऐकवायचे. तोही मान डोलवायचा. मान डोलवायला त्याचं काय जात होतं!

पण तंबूत राहतो म्हणून रानटीपणानं राहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मुक्काम पडला की पहिल्या दिवशी मी आतली जमीन शेणानं सारवायचे आणि दाराशी चार विटा ओळीनं मांडायचे. तो आमचा उंबरा. चपला त्याच्या बाहेर.

"अगं, आतही शेत आणि बाहेरही शेतच," नवरा म्हणायचा.

"बाहेरचं शेत बाहेर," मी म्हणायचे.

मुलगी माझ्याहून कडक निघाली. नवऱ्याचे वरिष्ठ तपासणीला आले, तेव्हा तिनं त्यांनाही विटांपाशी अडवलं. बिचारे एका पायावर उभे राहून बुटाची नाडी सोडत होते आणि नवरा आकाशाकडे बघत होता.

माझा दुसरा नियम पत्त्याचा. सांगवीत आमचा मुक्काम सगळ्यात लांबला, कारण तिथलं मोजमाप काही केल्या जुळेना. तेवढ्यात मी मुलीकडून पत्ता घोटून घेतला. "कालव्याच्या कडेला, दोन जांभळींच्या मध्ये, तंबू, सांगवी." हरवलीस तर रडायचं नाही, पत्ता सांगायचा. घरी पोचलीस की मी येईपर्यंत घर सोडायचं नाही. येईल त्या पाहुण्यापुढे ती हात जोडून हे सगळं म्हणून दाखवायची, आणि मला स्वतःच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटायचं.

मग एके दिवशी तंबू उठला आणि बावड्याला गेला. नवा पत्ता मी उद्या शिकवू, परवा शिकवू म्हणत राहिले. खरं तर मी शिकवणारच नव्हते. जूनमध्ये मुलीला शाळेत घालायचं होतं, आणि शाळेच्या अर्जात राहण्याचा पत्ता लिहायचा होता. तिथं मी दोन जांभळी लिहू की काय? बारामतीत भाड्याच्या दोन खोल्या मी हेरून ठेवल्या होत्या. त्या पक्क्या करायला एके सकाळी दोन्ही मुलांना घेऊन मी एसटीनं निघाले.

बारामतीच्या स्टँडवर उतरताच मुलानं माझ्या अंगावर उलटी केली. मुलीच्या हातातला पदर सोडवून घेऊन मी नळावर तो धुवायला वाकले. वर पाहिलं तर मुलगी नव्हती.

सगळं स्टँड मी पालथं घातलं. शेवटी कंट्रोलरच्या खिडकीशी गेले. तो माईक हातात घेऊन म्हणाला, "बाई, राहायला कुठं? पत्ता सांगा." मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "कालव्याच्या कडेला, दोन जांभळींच्या मध्ये…"

शेजारी पेरू विकणारी बाई दचकून माझ्याकडे वळली.

"अवो, आत्ता एक पोरगी हेच बोलत हुती! लाल फ्रॉक घातल्याली. सांगवीचा एक म्हातारा मंडईत मेथी घालून माघारी निघाला हुता, तेनं टेम्पोत घातली तिला. रडत बी न्हवती, काय न्हाय."

सांगवीला आमचं काहीच राहिलं नव्हतं. रिक्षात बसले तेव्हा मुलगा मांडीवर झोपला होता आणि मी मोठ्यानं रडत होते. कोण म्हातारा, कसला टेम्पो? जुनं ठिकाण दिसलं नाही, तर ही पोर कुठं जाईल? वाटेत मी कालव्याला शिव्या दिल्या, नवऱ्याला दिल्या, आणि त्या घोटून घेतलेल्या पत्त्याला सगळ्यात जास्त.

रिक्षा कालव्याच्या भरावावर थांबली. दोन जांभळींच्या मध्ये तंबूच्या आकाराचा सारवलेला चौकोन अजून शाबूत होता. माझ्या विटाही. चौकोनात, जिथं माझा स्टोव्ह असायचा तिथं, मुलगी मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर म्हातारा बसला होता, पांढऱ्या मिशांचा, अवघडलेला. विटांच्या बाहेर त्याच्या जाडजूड वहाणा होत्या आणि त्यांना लागून तिच्या इवल्याशा चपला.

मला बघून तो म्हणाला, "या ताई. तिला म्हणलं, हितं आता काय न्हाय, चल आमच्या वस्तीवर, भाकर खा. तर म्हणती, आई येईस्तवर घर सोडायचं न्हाय. मग काय, मी बी बसलो."

झोपलेल्या मुलाला तसंच कडेवर घेऊन मी धावत सुटले, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिला घट्ट धरलं. तिनं थोडा वेळ मला रडू दिलं. मग दोन्ही हातांनी मला मागं सारलं आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तू चपला घालून घरात आलीस."

मी उठले, विटा ओलांडून बाहेर गेले, आणि चपला काढून पुन्हा आत आले.