तेलकट नसलेलं क्रीम

मुलीच्या लग्नाला चार दिवस उरले आणि तिच्या गालांवर बारीक पुरळ उठलं. क्रीम मीच आणलं होतं, 'तेलकट नाही' एवढंच वाचून. ती डबी घेऊन मी धापा टाकत रत्नागिरीच्या बाजारातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरलो. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, डबी नाकाशी धरली आणि मागची बारीक अक्षरं नखाने ओळीओळीने वाचली. 'आयसोप्रोपिल मायरिस्टेट'पाशी नख थांबलं.

"ह्याने क्रीम हलकं होतं, काका. पण काहींच्या कातडीची छिद्रं बुजतात."

"मग दुसरं द्या. चांगलं भारीतलं!"

बाईंनी काउंटरवर मांडलेल्या चारही महागड्या बाटल्या उचलून मागच्या फळीवर ठेवल्या.

"साध्या पाण्याने तोंड धुवू दे तिला. बाकी काही नको. तुमची घाई तिच्या तोंडाला नका फासू."

हात हलवत घरी आलो आणि दर तासाला मुलीचे गाल तपासू लागलो. आज ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितलंत की जास्त खाजतं!"

लग्न परवावर आलंय. मी सकाळपासून पडवीत, घराकडे पाठ करून, काहीही न करण्याचं काम करतोय. आयुष्यात एवढा कधी दमलो नव्हतो.